चौथ्या सीटवरून

प्रति,
मा. महानगर आयुक्त आणि प्राधिकरणाचे सर्व सदस्य,
मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय: बदलापूर शहराच्या स्थानिक वाहतुकीसाठी प्रादेशिक निधीतून वाटा मिळण्याबाबत.

महोदय,

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर एक चौथी सीट असते. रेल्वेच्या कागदपत्रांत ती कुठेही नाही, पण रोज हजारो माणसं तिच्यावर बसून कामाला जातात. अर्धं अंग बाकावर, अर्धं वाटेत, आणि गाडी वळली की घसरू नये म्हणून पाय समोरच्या बाकाला रेटून धरायचा. रात्री बदलापूरला उतरलं की बाहेर शेअर रिक्षात आणखी एक चौथी सीट वाट पाहत असते, ड्रायव्हरला खेटून. ती बहुतेक वेळा पुरुषांच्या वाट्याला येते. पण साडेदहानंतर रांगेत उरलेल्यांना असे नखरे परवडत नाहीत. मीही बसले आहे, मांडीवर पर्स आणि डब्याची पिशवी घेऊन, एक हात बाहेरच्या दांडीला.

२००३ साली परळची दहा बाय बाराची खोली सोडून आम्ही इथे आलो. तेव्हापासून पास काढते आहे. बदलापूर ते सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर, जलद गाडी वेळेवर असली तर दीड तासाच्या आत-बाहेर. त्या दीड तासाबद्दल भरपूर लिहून-बोलून झालं आहे आणि ती बाब मुख्यतः रेल्वेची आहे. हे पत्र त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन किलोमीटरबद्दल आहे. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. तेवढा तुकडा रेल्वेचा नाही, मेट्रोचा नाही, आणि आमच्या नगरपालिकेच्या आवाक्यातलाही नाही. म्हणून तुमच्याकडे येते आहे.

आधी आकड्यांचं बोलू, कारण घोडं तिथेच अडतं. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची, म्हणजे आमच्या नगरपालिकेची, लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत सुमारे ७८ टक्के वाढ. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. पुढची मोजणी २०२७ ची. मधल्या काळात कात्रप, शिरगाव, मांजर्ली, हेंद्रेपाडा, सोनिवली, खरवई इथे किती टॉवर उभे राहिले हे मोजायला जनगणना लागत नाही, सकाळी सात वाजता स्टेशनच्या जिन्यावर उभं राहिलं तरी पुरतं. पण सरकारदरबारी आम्ही अजून पावणेदोन लाखच आहोत. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये आली, देशभरासाठी १० हजार इलेक्ट्रिक बस. निकष काय, तर २०११ च्या जनगणनेनुसार ३ लाखांच्या वरची शहरं. आमचा आकडा त्या उंबरठ्याला पोहोचत नाही. शेजारच्या अंबरनाथचाही नाही, ते २,५३,४७५ वर थांबलेलं आहे. म्हणजे जे शहर सगळ्यात झपाट्याने वाढलं, त्याला जुन्या आकड्याचा फटका सगळ्यात मोठा. निकष ठरवणाऱ्यांच्या मनात आमच्याविषयी काही वाईट असेल असं नाही. त्यांच्या मनात आम्ही नव्हतोच.

दुसरी गोष्ट नगरपालिकेच्या खिशाची. १९८३ मध्ये आम्हाला कल्याणच्या महापालिकेत घातलं आणि १९९२ मध्ये बाहेर काढलं. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. आता मुख्य कमाई म्हणजे घरपट्टी आणि सरकारी अनुदान. घरपट्टीत पुन्हा मेख अशी की इथे कार्यालयं, मॉल, मोठी हॉटेलं फारशी नाहीत. घरं आहेत. बदलापूर ही या महानगराची झोपायची खोली आहे. आम्ही दिवसभर ज्या इमारतींत काम करतो त्यांचा कर दुसऱ्या शहरांना मिळतो, आणि वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या ठिकाणी तर जमिनीचा पैसा थेट प्राधिकरणाच्या तिजोरीत जातो. त्या जमिनीला एवढा भाव कशामुळे आला? कोणी त्या काचेच्या इमारती भाड्याने घेतल्या आणि त्यांत रोज सकाळी माणसं येऊन बसली, म्हणून. त्यांतली बरीच माणसं ठाण्याच्या पलीकडून येतात. तेव्हा आम्ही मागतो आहोत तो आमच्या घामाचा वाटा आहे. याला कोणी खैरात म्हणू नये.

तुम्ही काहीच दिलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. प्राधिकरणाच्या पैशातून इथे काँक्रीटचे रस्ते झाले. स्कायवॉकही मिळाला. २००८ मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग ती साथच आली. महानगर प्रदेशात ३६ उभे राहिले, त्यात आमचाही एक. फुकट मिळालेल्या वस्तूला नाव ठेवू नये म्हणतात, पण खरं सांगते, गुडघे दुखणाऱ्या बाईला एक मजला चढून पुन्हा उतरवणारी सोय ही सोय नसते. आम्हाला जमिनीवरून नीट चालता यावं एवढंच हवं होतं. तेव्हा प्रवाशांना विचारलं असतं तर हे कोणीही सांगितलं असतं.

आता मेट्रो. कांजूरमार्ग ते बदलापूर ही मेट्रो १४ नकाशावर आहे: सुमारे ३८ किलोमीटर, खर्च १८ हजार कोटींच्या आसपास. तिच्या बातमीवर इथले फ्लॅट विकले जातात. मी मेट्रोच्या विरोधात नाही, यावी, लवकर यावी. पण ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो ५ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला झालं आणि सात वर्षं उलटली तरी कल्याणकर अजून तिच्यात बसलेला नाही. आमच्या ओळीला किती वर्षं लागतील याचा हिशोब मी माझ्या निवृत्तीच्या तारखेशी लावून पाहिला आणि सोडून दिला. शिवाय मेट्रो आली तरी ती कात्रपच्या आतल्या गल्लीत येणार नाही. तिच्या स्टेशनपर्यंत पोहोचायला पुन्हा तीच रांग, तीच रिक्षा.

रेल्वेचंही तसंच. मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) ३ अ टप्प्यात कल्याण-बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका आहे, १४ किलोमीटरची, खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा. कल्याणच्या पुढे आज दोनच रूळ. त्यांच्यावरून लोकल, पुण्याकडच्या गाड्या, दक्षिणेच्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या, सगळं एकामागून एक. म्हणून आमच्या लोकल मोजक्या. गर्दी इतकी की उल्हासनगर-अंबरनाथचे प्रवासी सकाळी उलटे बदलापूरला येतात आणि त्याच गाडीतून बसून परत जातात. याला आम्ही ‘रिटर्न’ म्हणतो. त्यावरून रोज भांडणं होतात, सकाळी सकाळी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित गाडी आली तेव्हा बदलापूरचे लोक स्टेशनात ठाण मांडून बसले होते आणि मध्य रेल्वेला १० वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातून पडून जी माणसं गेली त्यांची आठवण काढल्याशिवाय तर कोणी आता दांडी पकडत नाही. तेव्हा या दोन मार्गिका झाल्याच पाहिजेत. पण त्या झाल्या की काय होईल याचा विचार कोणी केला आहे का? लोकल वाढतील, दर फेरीला आणखी दीड-दोन हजार माणसं त्याच जिन्यावरून, त्याच अरुंद रस्त्यावर उतरतील. आत नळ मोठा करून ठेवायचा आणि बाहेर गटार तेवढंच ठेवायचं, असा हा प्रकार.

म्हणून माझी मुख्य मागणी बसची आहे.

नगरपालिकेचा स्वतःचा परिवहन उपक्रम नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ अॅप सुरू झालं, एका तिकिटावर अकरा सेवा. त्यात बसवाले पाच: बेस्ट, ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई. मी हौसेने अॅप उतरवून घेतलं. माझ्या प्रवासाचा लोकलचा तुकडा त्यात आहे, पण घरापासून स्टेशनपर्यंतचा तुकडा त्यात येणार कसा? शेअर रिक्षाला क्यूआर कोड लागतो तो फक्त पैसे द्यायला.

रिक्षावाल्यांवर माझा राग नाही. ती आमचीच पोरं आहेत, कर्ज काढून रिक्षा घेतलेली. पण एका लोकलमधून उतरलेल्या हजार माणसांना तीन-तीन, चार-चारच्या हप्त्यांनी घरी पोहोचवणं हे रिक्षाचं काम नाही. बसमध्ये चाळीस माणसं बसतात. दर दहा मिनिटांनी बस येते एवढी खात्री असली तर माझ्या सोसायटीतल्या निम्म्या स्कूटर खालीच राहतील. आज त्या स्टेशनजवळच्या प्रत्येक बोळात, फुटपाथवर, दुकानाच्या पायरीवर उभ्या असतात. (त्यातली एक माझ्या मुलाची. कबूल.)

मी एका खासगी कार्यालयात हिशोबाचं काम करते, म्हणून सवयीने आकडेमोड केली. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या तज्ज्ञांनी दुरुस्त करावेत. ५० बस, रोज प्रत्येकी १७० किलोमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ३१ लाख किलोमीटर. ठेकेदाराला किलोमीटरमागे ६० रुपये धरले तर वर्षाचा खर्च साडेअठरा कोटींच्या जरा वर. तिकिटातून निम्मा निघाला तर तूट सव्वानऊ-साडेनऊ कोटींची. प्राधिकरणाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ४० हजार कोटींहून थोडा जास्त आहे. म्हणजे तुमच्या हजार रुपयांमागे पंचवीस पैशांहूनही कमी. पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं, आमची शेवटची मोजणी झाली त्याच वर्षी. योगायोग आहे, पण लक्षात राहिला.

दुसऱ्या बाजूने बघा. मेट्रो १४ चा एक किलोमीटर पडतो पावणेपाचशे कोटींच्या घरात. बारा मीटरची इलेक्ट्रिक बस दीड कोटीला धरली तर त्या एका किलोमीटरच्या पैशात तीनशेच्या वर बस येतात. मग बस का येत नाहीत? माझं उत्तर सोपं आहे, आणि ते ऐकायला बरं वाटणार नाही. बसची कोनशिला बसवता येत नाही. पूल एकदा बांधला, फीत कापली, संपलं. बसला दर महिन्याला पैसे लागतात, कंडक्टरचा पगार, चार्जिंगचं बिल, टायर. आपल्याकडे प्रादेशिक पैसा बांधकामाला मिळतो, चालवायला मिळत नाही. चालवण्याचा खर्च हा ‘तोटा’ म्हणून लिहिला जातो. उड्डाणपुलाचा तोटा कोणी कधी मोजला आहे का?

हे जमत नाही असंही नाही. पुण्यात २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एक करून पीएमपीएमएल झाली. तिची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के उचलते. तिथल्या बससेवेबद्दल पुणेकर काय बोलतात ते मला माहीत आहे, माझी नणंद कोथरूडला राहते. पण हद्द ओलांडली म्हणून बस थांबत नाही आणि पैसे कोणी द्यायचे हे लिहून ठेवलेलं आहे. आमच्याकडे कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरं एकमेकांना इतकी चिकटली आहेत की कुठलं कुठे संपतं हे पाटी वाचून कळतं. चौघांची एक बससेवा करा, तुटीत प्राधिकरणाने ठरलेला टक्का घ्यावा, तोही पाच-सात वर्षांच्या लेखी हमीने. दरवर्षी नव्याने हात पसरायला लावू नका. आणि वाटा ठरवताना २०११ चा आकडा बाजूला ठेवून रेल्वेच्या पास-तिकिटांचा किंवा वीजमीटरचा आकडा घ्या, ते रोजचे आहेत.

बसच्या जोडीला चालण्याची वाट. स्टेशनपासून दोन्ही बाजूंना दीड किलोमीटर सलग, सपाट फुटपाथ, ज्याच्यावरून चाकाची पिशवी ओढत नेता येईल. मागच्या पावसाळ्यात अर्धवट बसवलेल्या एका फरशीवरून माझा पाय मुरगळला आणि तीन आठवडे घरी बसले. कोणाची फरशी, कोणाचं काम, हे विचारत बसले नाही. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

आणि पूर्व-पश्चिम. शहर रुळांनी मधोमध कापलेलं आहे आणि ते जोडणारा उड्डाणपूल एकच. बेलवलीचा भुयारी मार्ग आहे, पण जोराचा पाऊस झाला की त्यात पाणी. रुग्णवाहिका, शाळेच्या बस, सिमेंटचे मिक्सर, सगळ्यांची भिस्त त्या एका पुलावर. दुसरा पूल हवा, याहून जास्त यावर लिहायची गरज नाही. हे तर बांधकाम आहे, कोनशिलाही बसवता येईल.

पावसावरून आठवलं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले. देशभर ती दृश्यं दिसली. त्या दिवशी रूळ पाण्याखाली होते म्हणून आम्हीही अडकलेले होतो, आमच्याच शहरात. ज्या गावाची बाहेर पडायची मुख्य वाट रेल्वे आहे त्या गावात रूळ बंद म्हणजे सगळं बंद. उल्हास नदीचं पाणी बॅरेज बंधाऱ्यावरून उचललं जातं, बारवी धरणाचं पाणी या प्रदेशातल्या अर्ध्या डझन शहरांना जातं. पाणी वाटून घेताना महानगर एक असतं. बसचा खर्च वाटून घ्यायची वेळ आली की हद्दी आठवतात.

आमचंही चुकलं आहे, ते लपवणार नाही. नऊ मीटरच्या रस्त्यावर मोठमोठ्या इमारतींना परवानग्या मिळत गेल्या तेव्हा आम्ही, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांनी, गच्चीतून डोंगर दिसतो का एवढंच पाहिलं. शहराला स्वतःचा हात खिशात घालावा लागेल. रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावावे लागतील आणि त्यावर ओरड होईल, त्यात माझंही घर असेल. नगरपालिकेने घरपट्टीतला काही टक्का बससाठी वेगळा काढावा, स्टेशनजवळ थांब्यांसाठी जागा मोकळी करून द्यावी. एवढी तयारी दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, हे मी बदलापूरकर असून सांगते.

गेली काही वर्षं हे मागायला माणूसही नव्हता. इथल्या लोकनियुक्त मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक. निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. आता नगराध्यक्ष आहे, नगरसेवक आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीत दोन तृतीयांश सदस्य लोकनियुक्त संस्थांतून निवडून यायला सांगितले आहेत. त्या खुर्च्यांवर आमच्यासारख्या कडेच्या शहरांची माणसं बसवून वाहतुकीचा प्रस्ताव त्यांच्यासमोर एकदा वाचा. नुसता मंजुरीसाठी ठेवू नका.

या पत्राचं उत्तर मला नको. नगरपालिकेला लेखी द्या. हो असेल तर किती टक्के आणि कोणत्या वर्षापासून ते सांगा. नाही असेल तर कारण आकड्यांत सांगा, म्हणजे आम्हाला ते तपासता येईल.

आपली,
एक पासधारक
बदलापूर (पश्चिम)

ता. क. – हे पत्र घरी जाताना गाडीत मोबाइलवर लिहिलं आहे, चार संध्याकाळी मिळून. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर कुर्ला ते कल्याण उभ्याने टाइप केलेल्या समजाव्यात. बसायला जागा आज अंबरनाथला मिळाली.